लाल किड्याचा पंचनामा

केशवरावांनी भेंडी लावली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि लावली ती लावली, पण शिरस्तेदारांच्या घरी त्यातली अर्धी टोपली पोचवली नसती तरी निभावलं असतं. पण स्वतःच्या हातून पहिल्यांदा जे उगवतं ते चार लोकांना दाखवल्याशिवाय माणसाला घास गोड लागत नाही. त्यातून ते साल असं होतं की अमरावतीत भेंडी दिसणं हीच मोठी गोष्ट होती. तिकडे अमेरिकेत कोणाची तरी कोणाशी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या कापसावाचून अडून बसल्या होत्या, आणि त्यापायी वऱ्हाडात लहानथोरांना कपाशीचं वेड लागलं होतं. जिथे तूर होती तिथे कपाशी आली, जिथे जोंधळा होता तिथेही कपाशीच आली. धर्मशाळेत कापूस, तालमीत कापूस, आणि पेठेतल्या मारुतीच्या देवळात तर गाभारा तेवढा सोडून बाकी सगळा कापूस. मारुतीला प्रदक्षिणा घालायची तर भक्ताला गाठोड्यांवरून चढून जावं लागत होतं. भाजी मात्र कोणी लावत नव्हतं.

लावत होती ती एकटी गोदाबाई माळीण. तिचा मळा केशवरावांच्या परसाला लागूनच होता, मध्ये फक्त बोरीच्या काट्यांचं कुंपण. तिचा नवरा नत्थुजी दिवसभर मोट हाकायचा आणि बोलायचा तो फक्त बैलांशी. त्यामुळे माणसांशी बोलायचं सगळं काम गोदाबाईकडे आलं होतं आणि ते ती मागे ठेवत नसे. “कपाशी लाव, सोनं होईन,” असं तिला येऊन येऊन लोकांनी सांगितलं. ती म्हणाली, “सारा गाव मंग कापूस खाईन का?” आणि वांगी, भेंडी, कोहळी, मेथी लावत राहिली.

केशवरावांची शेतीविद्या म्हणजे कुंपणावरून मान लांब करून गोदाबाई काय करते ते पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी परसात तेच करायचं. तिने आळी केली की हे आळी करत. तिने पानांवर राख उधळली की हेही चुलीतली राख उधळत. एकदा त्या राखेत निखारा निघाला आणि मिरचीची चार रोपं जळाली, पण ती गोष्ट त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. भेंडी मात्र आली. शिरस्तेदार गोवर्धनपंतांच्या घरी ती देताना केशवराव सहज बोलल्यासारखं बोलून गेले, “किडीचं तेवढं सांभाळावं लागतं. एकेक किडा ओळखून असावं लागतं, पंत.”

फाल्गुन लागला आणि कचेरीत साहेबाचा हुकूम आला.

साहेब विलायतेहून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. मुन्शी लावून तो हिंदुस्थानी शिकला होता. मराठी त्याला कळत नव्हती आणि वऱ्हाडी कळण्याचा तर प्रश्नच नव्हता. हुकूम असा होता की कपाशीला लागणारा लाल किडा उन्हाळ्यात भाजीच्या मळ्यांत दडून राहतो असा संशय आहे. तरी मृगाच्या आधी मळ्यांची तपासणी करावी, किडे ओळखावे, आणि ज्या मळ्यात तो लाल किडा आढळेल तो मळा मुळासकट उपटून जाळून टाकावा. खाली एक ओळ होती, की या कामी किड्यांची ओळख असलेला इसम नेमावा. गोवर्धनपंतांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “परवा भेंडी कोणी आणली होती हो आपल्याकडे?”

केशवरावांना तेव्हा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. एकोणीस वर्षं कचेरीच्या टपालाची बारनिशी करून त्यांना कोणी कशातलं जाणकार म्हटलं नव्हतं. संध्याकाळी घरी येताना ते रोजच्यापेक्षा सावकाश चालत आले. कचेरीत त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी किडे-कारकून पडलं, पण त्यात असूया आहे असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता किडे ओळखायचे म्हणजे काय करायचं, हे त्यांना अर्थातच ठाऊक नव्हतं. पण कचेरीत चोरी होवो, मयत होवो, बांधाचं भांडण होवो, सगळ्याला एकच रीत होती. पंचनामा करायचा. केशवरावांनी फौजदारीच्या दप्तरातून कोरा नमुना मागून घेतला, पाच पंच गोळा केले आणि सकाळी आठाला गोदाबाईच्या मळ्यात जाऊन उभे राहिले. पंचांचे पुढारी पंजाबराव होते. मळ्याच्या पलीकडच्या अंगाला त्यांची कपाशी होती, मिशा होत्या, आणि गोदाबाईच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं ही गोष्ट त्यांना बरीच वर्षं खुपत होती.

“हे काय हो?” गोदाबाई म्हणाली. “पाच माणसं घेऊन आले. कोन मेलं?”

“नुसती नोंद आहे, गोदाबाई,” केशवराव कचेरीच्या भाषेत म्हणाले. “सरकारी काम. यात काही होत नसतं.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कागदांनी कोणाचं काही झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

नमुना आरोपी पकडल्यावर भरायचा होता, तेव्हा रकाने त्याच बेताचे होते: नाव, वय, वर्ण, अंगावरील खुणा, कोठे मिळाला, मिळाला तेव्हा काय करीत होता. केशवरावांनी ते इमानाने भरले. मावा: वय समजून येत नाही, वर्ण हिरवट, संख्या अगणित, मिळाला तेव्हा सहकुटुंब रस पीत होता, मुंग्यांचा पहारा आढळला. तुडतुडा: पंचांच्या देखत फरार. कोहळ्याच्या वेलावरचा तांबूस भुंगा: पानाची चाळणी केली, धरला असता मेल्याचे सोंग केले. अळी: वांग्याच्या आत वास्तव्य, दार उघडले असता घरीच होती. एका पंचाला माव्याचं नाव दव वाटत होतं, दुसरा त्याला उवा म्हणत होता, आणि तिसऱ्याचं म्हणणं होतं की नाव काहीही लिहा पण उन्हं चढायच्या आत लिहा.

मग भेंडी आली, आणि भेंडीवर लाल किडे आले.

“हाच तो,” पंजाबराव म्हणाले. “लाल, अन अंगावर काळे ठिपके. लिवा.”

“अवो, थांबा ना बापा!” गोदाबाई पुढे आली. “लाल दिसला म्हून काय सारे एकच का? हा पाहा गोल, ढालीवानी. हा ढालकिडा. हा त माव्याले खाते, याले मी लेकरावानी राखते. अन हा लांबुडका, चपटा, हा ढेकण्या. कपाशीचा तो हा. ढेकण्ये सारे मिळून पाच-सहा नाहीत मळ्यात, अन तेबी सारे तुमच्या कुंपणाकडच्या वळीत हायेत, केशवराव. तुमच्या कुंपणाकडच्या.”

केशवरावांनी नमुना पाहिला. त्यात वर्णाचा रकाना होता, खुणांचा होता, आकाराचा नव्हता. आरोपी गोल की लांब, हे फौजदारीला कधी लागलं नव्हतं.

“ज्याच्या मळ्याची तपासणी, त्याचीच साक्ष घ्याची का?” पंजाबराव म्हणाले. “मंग चोरालेच विचारा चोरी कोनी केली.”

हे केशवरावांना कायदेशीर वाटलं. तिची जबानी त्यांनी लिहिली नाही. मोजणीत थोडा खोळंबा झाला, कारण ढेकण्यांची एक जोडी शेपटीला शेपटी लावून चालली होती, आणि ती एक धरायची की दोन यावर पंचांत दुफळी पडली. शेवटी दोन धरले. गोल आणि लांब मिळून एकूण नग त्रेचाळीस. पाच अंगठे उठले आणि कागद साहेबाकडे गेला.

गुरुवारी दुपारी तो परत आला. त्यावर साहेबाचा शेरा होता: सोमवारी सकाळी मळा उपटून जाळावा, आम्ही जातीने हजर राहू.

केशवरावांनी तो शेरा उभ्यानेच वाचला आणि मग बसले. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली ती हीच, की कागदानेही काही होतं.

ते तडक घरी आले. बायकोने, पार्बताबाईंनी, पाट मांडला, पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, “अवो, ते लाल किडे पुन्हा निंगाले मागच्या कोठडीतून. आज त चुलीपाशी आले होते. काही करा बापा त्यायचं.”

केशवरावांचा हात पाण्याच्या तांब्यावर होता तो तिथेच राहिला.

मागच्या कोठडीत कापूस होता. सरकीसकट, आढ्यापर्यंत भरलेला. पार्बताबाईंचे भाऊ किसनराव अंजनगाव सुर्जीहून माघात गाडी घेऊन आले होते आणि म्हणाले होते की भाव आणखी चढणार आहे, नुसता ठेवून द्या. त्यात निम्मी भागी केशवरावांची होती, आणि ती भागी म्हणजे पार्बताबाईंच्या पाटल्या होत्या. हे सगळं चोरून होतं, कारण सरकारी चाकराने कापसाच्या व्यापारात हात घालायचा नाही असा सक्त हुकूम होता. घातला तर चाकरी गेली. तो हुकूम केशवरावांनीच सुबक अक्षरात नकलून कचेरीच्या दाराला डकवला होता.

जेवण तसंच टाकून ते परसात गेले. कोठडीच्या मागच्या भिंतीला एक भेग होती. त्या भेगेतून एक लांबुडका, चपटा, लाल ढेकण्या बाहेर आला, त्याच्या मागून दुसरा, मग एक जोडी. सगळे भिंतीवरून उतरून यांच्या भेंडीवर आणि यांच्या भेंडीवरून कुंपणातून पलीकडे चालले होते, गोदाबाईच्या पहिल्या ओळीत. तिने सांगितलं होतं तिथेच. केशवराव आळ्याच्या कडेला मटकन बसले.

खरं सांगावं तर गोदाबाईचा मळा वाचत होता आणि चाकरी जात होती. न सांगावं तर चाकरी राहत होती आणि त्या बाईचं सगळं काही सोमवारी जळत होतं. दोन्ही गोष्टी त्यांना स्वच्छ दिसत होत्या, म्हणून त्यांनी तिसरा मार्ग शोधायला घेतला. कचेरीतल्या माणसाचा तिसऱ्या मार्गावर फार भरवसा असतो.

शुक्रवारी ते गोवर्धनपंतांपुढे उभे राहिले. पंचनाम्यात किंचित चूक झाली आहे, असं ते म्हणाले. लाल किडे दोन जातींचे असतात, गोल ते चांगले, लांब ते वाईट, आणि आपल्याकडून ते एकत्र मोजले गेले.

“म्हणजे तुम्हाला किडे ओळखता येत नाहीत?” पंतांनी विचारलं.

“येतात. पण जरा उशिराने.”

“हे पाहा केशवराव, पंचनामा एकदा झाला की झाला. खोडता येत नाही. पुरवणी जोडता येईल. पण पुरवणीला कारण लागतं. लांबडा किडा तिथे आहे ना? पाच का होईना, आहे ना? मग तो आला कुठून ते लिहा. मूळ ठिकाण दाखवा. दाखवता?”

केशवरावांची नजर दाराला डकवलेल्या हुकुमाकडे गेली. पंतांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग का कोण जाणे घाईघाईने खाली पाहिलं. “लाल म्हणजे लाल,” ते म्हणाले. “जा आता, मला टपाल पाहू द्या.”

शनिवारी केशवरावांनी पोटदुखीची रजा काढली. किडेच नाहीसे केले तर साहेब जाळणार काय, असा त्यांचा हिशेब होता. भर दुपारी नत्थुजी आणि गोदाबाई बाजारात असतील असं पाहून ते पाण्याचं भगुणं घेऊन कुंपणातून पलीकडे रांगत गेले आणि भेंडीच्या पहिल्या ओळीतले ढेकण्ये एकेक चिमटीत धरून पाण्यात टाकू लागले. कुठे जरा पान हललं की ते मान खाली घालत होते. नऊ झाले, दहा झाले. आणि ते मोजत असताना भिंतीकडून आणखी येतच होते, अगदी निवांत, जोडीजोडीने. चाळिशी गाठलेला, पागोटं घालणारा माणूस माळणीच्या भेंडीत ओणवा होऊन किडे वेचतो आहे, हे आपल्या वडिलांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, असा एक विचार त्यांना मध्येच चाटून गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

“केशवराव,” मागून आवाज आला. “माया मळ्यात काय करून राहिले तुमी?”

ते ताडकन उभे राहिले. म्हणजे राहायला गेले. धोतराचा सोगा काट्यांत अडकला होता, त्यामुळे अर्धेच उभे राहिले.

“तपासणी,” ते म्हणाले.

“पोट दुखते म्हनत होती पार्बताबाई.”

“दुखतं. पण सरकारी काम.”

गोदाबाईने खाली बसून त्यांचं धोतर काट्यातून सोडवलं. भगुण्यात पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, “ढेकण्या सरकी चोखून जगते, केशवराव. भेंडीचं बी तो चाखते, पन त्याचं घर कापसाच्या घरात. माया घरी दिव्याच्या वातीपुरता कापूस नाही, तो बी मी मांगून आनते. मंग हे येतेत कोठून? सांगा ना. तुमी त किडे ओळखता.”

सांगायची हीच वेळ होती. समोर कोणी साहेब नव्हता, पंच नव्हते, फक्त शेजारीण होती. केशवरावांचे ओठ हललेदेखील. पण एकोणीस वर्षांची चाकरी आडवी आली, आणि ते “पाहतो, चौकशी करतो” असं काहीतरी पुटपुटून भगुणं घेऊन परतले. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. गोदाबाई बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत उभी होती.

रविवारी कापूसच हलवावा असं त्यांनी ठरवलं. पण कापसाची गाडी गल्लीतून न्यायची म्हणजे ती पंजाबरावांच्या ओट्यासमोरून जाणार, आणि पंजाबराव सकाळपासून ओट्यावर मिशा विंचरत बसले होते. वर त्यांनीच हाक मारून सल्ला दिला, “केशवराव, उद्या जाळाले कपाशीच्या सुक्या पऱ्हाट्या कमी पडतीन. माया वावरातून दोन गाड्या पाठवतो. ओल्या भेंडीले आग लागत नाही लवकर.” असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

दुपारी पानावर नुसती भाकर आणि मीठ आलं.

“भाजी?” केशवरावांनी विचारलं.

“उद्यापासून सवय कराचीच हाय,” पार्बताबाई म्हणाल्या, “म्हून म्हटलं आजपासूनच करा.”

“तुले समजते का पार्बता, मी बोललो त काय होईन?” घरात ते कचेरीची भाषा विसरत. “चाकरी जाईन. तुया पाटल्या जप्त होतीन.”

“मले सारं समजते. पाटल्या माया हायेत. पन आपला शंकर झाला तवा सव्वा महिना मेथी धाडली त्या बाईनं, अन एका दिसाचा मोबदला घेतला नाही. मी काही म्हनत नाही. तुमी मोठे मानूस, तुमचं तुमी पाहा.” आणि खरंच त्या आणखी काही म्हणाल्या नाहीत. दिवसभर म्हणाल्या नाहीत, त्यामुळे केशवरावांना घरात बसवेना आणि परसात तर त्याहून बसवेना.

सोमवार उजाडला. मळ्यात अर्धं गाव लोटलं होतं. साहेब घोड्यावरून आला. मागे गोवर्धनपंत, नाझर, सगळे कारकून. चपराशी विळे आणि कुदळी घेऊन ओळीत उभे होते. पंजाबरावांच्या पऱ्हाट्यांचा ढीग कमरेएवढा रचला होता. नत्थुजी मोटेच्या बैलांच्या वेसणी धरून उभा होता आणि त्या दिवशी तो बैलांशीही बोलत नव्हता. गोदाबाई विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी उभी होती. हातात एक गाडगं, त्याच्यावर फडकं बांधलेलं. ती रडत नव्हती. ती सरळ केशवरावांकडे पाहत होती.

पंचनामा वाचून दाखवायचं काम केशवरावांचं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मावा वाचला. तुडतुडा वाचला. फरार म्हटल्यावर गर्दीत कोणीतरी हसलं. भुंगा झाला, अळी झाली. मग पान संपता संपता लाल किडा आला. “वर्ण लाल, अंगावर काळे ठिपके, नग त्रेचाळीस,” त्यांनी वाचलं. चपराशांनी विळे सावरले. पान उलटायचं आणि खालचा हुकूम वाचायचा, एवढंच राहिलं होतं. केशवरावांनी पानाच्या कोपऱ्याला बोट लावलं, आणि ते बोट तिथेच राहिलं.

“नाही,” ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की साहेबाचा घोडा बिचकला. “हे खोटं हाय साहेब! सारं खोटं हाय! ह्या बाईचा काही गुन्हा नाही. ते गोल किडे चांगले हायेत, अन लांबुडके आले ते माया घरून आले! माया मागच्या कोठडीत कापूस भरेल हाय, आढ्यालोक! मी सरकारचा चाकर असून भागी केली! जाळाचं असन त माही कोठडी जाळा!”

केशवरावांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी आधारासाठी आपल्या कचेरीच्या लोकांकडे पाहिलं आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. गोवर्धनपंतांचा चेहरा पांढरा पडला होता. नाझराचाही. सगळे कारकून जमिनीकडे पाहत होते, जणू तिथे काही सांडलं होतं. कापूस एकट्या केशवरावांच्याच घरी होता असं थोडंच होतं! आज एका कोठडीचं दार उघडलं तर उद्या अख्ख्या कचेरीच्या माळवदांवर शिड्या लागणार होत्या.

“क्या बोलता है ये?” साहेबाने शिरस्तेदारांना विचारलं.

गोवर्धनपंतांनी खाकरून घसा साफ केला. “हुजूर,” ते म्हणाले, “ये कहता है कि इससे गलती हो गयी. इसकी नजर कमजोर है. जो लाल कीड़ा मळे में मिला, वो कपास का कीड़ा है ही नहीं. वो अच्छा कीड़ा है, दूसरे कीड़ों को खाता है. इसको पछतावा हो रहा है, इसलिये चिल्लाता है.”

गर्दीतल्या प्रत्येकाला हिंदुस्थानी कळत होती. कोणी हूं की चूं केलं नाही. पंजाबरावांनी तोंड उघडलं होतं, पण नाझराने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिशीवर हात फिरवून गप्प झाले. त्यांच्या सारावसुलीचे कागद नाझराकडे होते.

“लेकिन वो घर का क्या बोला?”

“घर में बीमारी है, हुजूर.”

पंतांनी मग भेंडीचं एक पान खुडून साहेबापुढे धरलं. माव्याच्या मधोमध एक ढालकिडा बसला होता, गोल आणि तुकतुकीत. साहेबाने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने किड्यापुढे बोट धरलं, किडा बोटावर चढला, नखापर्यंत गेला, पंख उघडून उडाला. साहेब लहान पोरासारखा हसला. आमच्या मुलखातही हा आहे, असं काहीतरी तो म्हणाला. मग त्याने केशवरावांच्या हातून पंचनामा घेतला आणि शिसपेनीने त्यावर आडवं लिहिलं, हुकूम रद्द. लिहिता लिहिता गोवर्धनपंतांना म्हणाला, “इस आदमी को कीड़ा पहचानना नहीं आता. इसको ये काम मत दो.”

केशवरावांनी पुन्हा तोंड उघडलं. जन्मात एकदा त्यांनी एवढं मोठं खरं बोलून टाकलं होतं आणि ते असं पान खुडावं तसं खुडून टाकलं गेलं होतं. पण तेवढ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पंतांचा जोडा पडला. “एक शब्द बोललात,” पंत ओठ न हलवता म्हणाले, “तर सगळी कचेरी घरी बसेल. आणि तो कापूस आठवड्यात काढा. आम्हीही काढतो.”

साहेब गेला. चपराशी गेले. पंजाबराव आपल्या पऱ्हाट्या परत गाडीत भरू लागले. नत्थुजीने बैलांना काहीतरी म्हटलं आणि मोट चालू झाली. केशवराव एकटेच उभे होते. मळा वाचला म्हणून त्यांना रडू येत होतं, आणि चारचौघांत किड्यातलं कळत नाही असा शेरा बसला म्हणूनही येत होतं. दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे कुठलं आधी येऊ द्यावं हे त्यांना समजेना. गोदाबाई चालत त्यांच्याजवळ आली.

केशवरावांना तहान लागली होती. “ताक हाय का त्यात?” त्यांनी गाडग्याकडे हात करून विचारलं.

तिने फडकं सोडलं. आत ढेकण्ये होते. दोनअडीचशे तरी असतील, लांबुडके, चपटे, एकावर एक चढत होते.

“तुमच्या भिंतीच्या भेगीतून धरले,” ती म्हणाली. “परवापासून धरून राहिली.”

“साहेबापुढं उघडणार होत्या?”

“तुमी पान पलटवलं असतं त उघडलं असतं. फडक्याची गाठ ढिलीच ठेवली होती मी. तुमचं बोट त्या पानावर होतं ना, माहा जीव त्या बोटात होता.”

“म्हणजे तुमाले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?”

“सांगतलं त होतं पंचायपुढं. तुमच्या कुंपणाकडच्या वळीत म्हून. तुमी लिवलं नाही.”

“मंग साहेबाकडे काहून नाही गेल्या तवाच?”

“शेजारी हाय तुमी,” गोदाबाई म्हणाली. “शेजाऱ्याले आंधी त्याच्या तोंडानं सांगाले वेळ द्या लागते. पन मी काही देव नाही, केशवराव. अजून पानभर थांबली असती, त्याच्या पुढं नाही.” तिने फडकं पुन्हा बांधलं आणि गाडगं त्यांच्या हातात दिलं. “घ्या. तुमचे हायेत, तुमी घेऊन जा.”

केशवरावांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आत सारखी सळसळ चालली होती. बोरीच्या कुंपणापाशी येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं असतं, आणि गर्दी अजून पुरती पांगली नव्हती.

“अन गाडगं वापस द्या,” ती मागून ओरडली. “धुऊन.”